चुकांचा रकाना

पेपरात त्याचं नाव कधी धड छापलं नाही.
कधी बेडनर, कधी बेंडर,
जागा कमी पडली की नुसतं ‘बे.’
यांको बेदनार, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावचा.
नवव्या वर्षी कोळशातला दगड निवडायला बसला
आणि डावी करंगळी यंत्राला देऊन उठला.
म्हणूनच मोजा नीट बसतो, म्हणायचा.

मी शॉर्टस्टॉप. सहा मोसम
मी फेकायचं, पहिल्या बेसवर त्यानं घ्यायचं.
माझ्या हातात जोर होता,
दिशा देवाच्या भरवशावर.

चूक पोटात घालावी म्हणतात.
मी घातलेली पाहिलीय.
चेंडू आधी मातीत, मग खड्यावर, मग भलतीकडेच,
आणि यांको एक पाय बेसवर रोवून
सगळाच्या सगळा लांब व्हायचा,
चेंडू पोटाशी आवळायचा.
गडी बाद.
मी टोपी सारखी करायचो,
जणू तसाच फेकायचा होता.

रात्री हॉटेलात सदरा वर करून
तो आयोडीन लावायचा.
बरगड्यांखाली जांभळं, हिरवं, पिवळं.
हा टोलेडोचा. हा परवाचा, पावसातला.
‘आणि हा?’
‘सगळे तुझेच रे, फिनर्टी.’

एकोणीसशे अकरात वरच्या लीगनं मला उचललं.
‘सोन्याचा हात’ असं छापून आलं, नाव अचूक.
त्याला आयोवात विकला,
साठ डॉलर आणि चेंडूंची एक पेटी, वापरलेली.
स्टेशनवर मला बोलायला काही सुचेना,
तर विचारलं, पेटीत चेंडू किती?
‘बावीस. मोजले मी.
दोन शिवण उसवलेले.’

वर पहिल्या बेसवर देखणा गडी होता.
मातीतल्या चेंडूसाठी तो वाकत नसे.
ऑगस्टपर्यंत माझ्या रकान्यात एकेचाळीस.
तेव्हा कुठे मला माझा आकडा कळला.

पंधरा वर्षांनी गेलो त्याच्या गावी.
लेसच्या गिरणीवर रात्रपाळीचा पहारेकरी,
दारात कंदील, पोट सुटलेलं.
किल्ल्यांचा जुडगा माझ्या पायाशी पडला होता.
उचलला, फेकला.
अंधार होता, म्हणेन मी.
त्याचा एक पाय उंबऱ्यावरून हलला नाही.
खण्णकन आवाज, मग काहीच नाही.
‘अजून खालीच टाकतोस,’ म्हणाला,
आणि कॉफी आणायला आत गेला.
कप एकच होता.
आधी मी प्यालो.