छत्तीस पानं

एकतीस वर्षं मी पासपोर्ट मोजले.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, तपासणीच्या टेबलावर,
बोटाखाली ओला स्पंज,
पान, पान, पान,
छत्तीस भरली की पुढचा.
संध्याकाळी गेटवर झडती:
डबा उघडा, पिशवी उलटी करा,
एक कोरं पान बाहेर जाता कामा नये.
गेलं नाही. देवाशप्पथ, एकही नाही.
स्वतःचा पासपोर्ट मात्र काढला नाही कधी.
जायचं कुठं होतं?

आता दर गुरुवारी शरणपूर रोडला
सुवार्ताबाईंच्या जिन्याखाली आम्ही चौघं बसतो.
दुसाने (रिक्षा त्यांची, गॅस वर्गणीचा),
कोकणीपुऱ्यातली तस्लीम, जिला फॉर्म भरायचं वेडच आहे,
स्वतः सुवार्ताबाई, ज्या नव्या माणसाला हमखास सांगतात
की गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली हबशी पोरं
इथंच आणून ठेवली होती, फार पूर्वी,
त्यांच्या खापरपणजीनं त्यांना पेज वाढलेली,
"नाव काय उगाच पडतं होय?"
आणि मी.
मला काय येतं? मोजता येतं.
डाळ मोजते, बीपीच्या गोळ्या, भाड्याच्या नोटा,
मुदतीचे उरलेले दिवस.

पहिल्या गुरुवारी नेकबख्त समोर बसली
तेव्हा मी पर्स उचलून मांडीवर घेतली.
बोलले काहीच नाही.
तिनं पाहिलं, आणि नजर भिंतीकडे वळवली,
जणू तिनंच काही चोरलं होतं.
याला दोन वर्षं झाली.
अजून पर्स कुठं ठेवावी ते मला कळत नाही.

ती गझनीकडची. नवरा वाटेत कुठंतरी राहिला,
"राहिला" एवढंच म्हणते.
मुलगा मुर्तझा तिसरीत, मनपाच्या शाळेत,
त्याला ळ येत नव्हता.
"मी एक केलं खाल्लं," म्हणायचा,
दुसाने विचारायचे, काय केलंस रे बाबा,
आणि पोट धरून हसायचे.
मग एका गुरुवारी तो जिन्याखालून ओरडला,
"नळ गळतोय!"
आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.
नळ बंद करायला कोणी उठेना.

आयुक्तालयात साहेब वाईट नव्हते.
पंखा आमच्याकडे वळवला, पोराला गोळी दिली.
पण कायद्याचा आणि हिचा छत्तीसचा आकडा,
तीन इकडे तोंड करून, सहा तिकडे.
साहेब मराठीत बोलले. तस्लीम हिंदीत सांगायला लागली
तर नेकबख्तनं तिचा हात दाबला.
अर्ज, तिला कळलं होतं.
मुदत कळली. हजर. कागद. शिफारस.
नामंजूर तर वाक्य संपायच्या आत कळलं.
हे शब्द तिच्याच मुलखाकडून आलेले,
कधी, कुठल्या घोड्यावर, कोण जाणे.
गेटवर त्यांची कुणी झडती घेतली नाही,
किती दिवस राहणार, विचारलं नाही.
आपल्या तोंडात राहिले, आपल्याच तोंडचे झाले.

पुन्हा अर्ज. पुन्हा खेटे.
तस्लीमनं कार्बन घालून चार प्रती काढल्या.
शेजारच्या जाधवकाकू म्हणाल्या,
"आपल्याकडचे काय कमी आहेत का गं?"
कमी नाहीत. मी त्यांना उत्तर दिलं नाही.
काकूंनीच दिवाळीत थंडीसाठी पोराला स्वेटर पाठवला,
निरोपासकट: माझं नाव सांगू नका.

नव्वद दिवस मिळाले आहेत.
आज एकाहत्तर उरले.

काल नेकबख्त तव्यावर रोट भाजत होती,
मी सवयीनं मुर्तझाची वही हातात घेतली.
पातळ वही, वेष्टनावर छापलेलं: पाने ३६.
बोट ओलं केलं.
पस्तीस भरली. पुन्हा मोजली. पस्तीसच.
प्रेसमध्ये असती तर बाद केली असती,
लाल शिक्का मारून, वर सही.
मी ती बंद करून त्याच्या दप्तरात ठेवली.

छत्तिसावं पान दुसान्यांच्या रिक्षात आहे,
काचेला आतून चिकटवलेलं:
तीन चाकं, सहा माणसं, एक बाहेर लोंबकळणारं,
आणि खाली पेन्सिलीनं पत्ता,
वडाळा,
ळ जरा मोठाच.