बारा पौंड

पन्नास पौंडांची ओढ.
हात गालाशी आला की चाकं फिरून जायची
आणि उरायचे बारा.
बारा पौंड धरून मी निवांत उभी राहायचे,
वारा पडेपर्यंत,
पातळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत,
शेजारच्या रांगेतली पोरगी शिंकून होईपर्यंत.
मग अंगठ्यानं खटका.
पन्नास मीटरवर, पिवळ्यात.

दिवसभर उद्यमनगरात पंपाचे शाफ्ट तपासते.
दोन शतांश जास्त, बाजूला.
एक शतांश कमी, बाजूला.
संध्याकाळी त्याच डोळ्यानं भिंगातून बघायचं,
तिथं शाफ्ट मीच.

मार्चच्या स्पर्धेत बहात्तर बाण मारले.
परतताना एसटीत बसून आठवत होते:
सहाशे ब्याऐंशी, हा आकडा आठवला.
बाण एकही नाही.

धनुष्य कागलच्या तनुजा चौगुलेला दिलं.
तिच्या वडिलांनी पैसे दोनदा मोजले,
पेटीचं कुलूप तीनदा लावून बघितलं.
"दीदी, खांदा दुखतोय म्हणून सोडताय?"
हो म्हटलं. सोपं होतं.

बुरुड गल्लीत यल्लाप्पा सूप विणत बसलेले.
"धनुष्य? दसऱ्यात पोरं खेळत्यात तसलं?"
"नाही, नेम मारायचं."
"कुणावर?"
"कडब्याच्या गंजीवर."
"मग हाय ठीक."
माळ्यावर तीन वर्षं धुरात वाळलेला बांबू काढला,
माझा हात ताणून धरला,
नाकापासून बोटापर्यंत सुतळी लावली
आणि सुतळीला गाठ मारली.
तेवढंच माप.
गाठ केवढी जाड होती, मला दिसत होतं.
बोलले नाही.

वडणग्याला, मावशीच्या उसाच्या कडेला, पंधरा पावलं.
तीस पौंड. तीस म्हणजे शेवटपर्यंत तीस,
गालाशी आल्यावर तर वाटतात चाळीस.
मधेच कोणी ओझं उतरवून घेत नाही.
थांबले की कोपर थरथरतं,
टोक गंजीवरून आभाळात, आभाळातून बांधावर,
बांधावरची म्हैस मान वर करते.
अंगठा अजून खटका शोधतो,
नसलेला दाबतो.
दोरी हातावर बसते ती वेगळीच.
शॉपवर बाजीराव फोरमन म्हणाला, "कुणाशी भांडलीस?"
"बांबूशी."

पहिल्या महिन्यात गंजीला लागले अकरा.
बाकीचे उसात.
उसात गेलेल्या बाणामागं जाऊ नये,
पात्यांनी गाल कापतात
आणि आत सगळ्या सऱ्या सारख्याच.
मी जायचे. नंतर नंतर नाही गेले.

एकदा नोव्हेंबरात मावशीनं चहाला हाक मारली,
"आले" म्हणता म्हणता बोटं सुटली.
गंजीत. मधोमध, बोटभर खाली.
कडब्यात शिरताना आवाज झाला, कुणी कुशीवर वळावं तसा.
हा बाण आठवतो.
चहात साखर नव्हती, तेही.

फेब्रुवारीत टोळी आली, ऊस तुटला, पाचट पेटवलं.
दुसऱ्या दिवशी इंद्रजित खताची पिशवी घेऊन दारात:
"बघ, तुझं काय काय घावलंय."
नऊ.
चार कोळसा, नुसत्या लोखंडी टोप्या शाबूत.
तीन ओल लागून वाकलेले.
एकाचं पीस उंदरानं खाल्लेलं.
आणि एक जवळजवळ सरळ.
तो सवयीनं डोळ्यापुढं धरून फिरवला,
शेपटाकडं जरा कलत होता.
मायक्रोमीटर ओव्हरकोटाच्या खिशात होता, खुंटीवर.

शेतात अजून धुराचा वास.
ऊस गेल्यामुळं मागं सगळं मोकळं,
आता चुकलेला कुठवर जाईल सांगता येत नाही.
दोरी चढवली.
कलता बाण उजवीकडं जातो,
जरा डावीकडं धरायचा,
किती ते हाताला विचारून.