तीन पायांची गाय

'माझा आवडता प्राणी' लिहा म्हटलं
की सव्वीस वह्यांत एकच गाय चरायची,
उपयुक्त, चार पायांची, शेपटीला गोंडा असलेली.
खाली लाल शाईत मी : छान.

मग एका शनिवारी
तेरणेकाठची चिकणमाती पोत्यात भरून
मोटारसायकलवर शाळेत आणली.
म्हटलं, वह्या दप्तरातच राहू द्या.

पोरं कोपरापर्यंत बरबटली.
हलिमाची गाय गाभण निघाली.
परमेश्वरची नुसतीच शिंगं.
"बाकीची पाण्यात हाय, सर."

सोमवारपर्यंत वाळल्या, तडकल्या.
लहूच्या गायीचा मागचा पाय गळाला.
डिंक पुढं केला, तर त्यानं गाय पोटाशी धरली.
"सर, पाय कुठं गेला त्ये लिहू का?"

लिही की.

पाय आधी ढोकीच्या बाजारला गेला म्हणे.
एकट्या पायाला कुणी दावं लावंना,
कुणी दात बघंना.
मग कारखान्याच्या रस्त्यानं
उसाच्या गाड्यांमागं, टक... टक...

किती ओळी, कुणीच विचारलं नाही.
घंटा फक्त मला ऐकू आली.

सगळे गेल्यावर
बाकाखाली वाकून पाहिलं,
कपाटामागं झाडू घातला.

पाय नव्हता.