पाठ

ओहोटीचं गणित माझंच चुकलं.
काझामान्सच्या मुखाशी, खारफुटीच्या वळणावर
होडी रुतली,
आणि चौघी जणी,
ओडेत, सिरेफीना, धाकटी बिन्ता
आणि कधीच न बोलणारी फिलोमेन,
मला काही न विचारता चिखलात उतरल्या.
मी वल्हं धरून नुसता ओरडत राहिलो, हळू, हळू.
होडी सुटली तेव्हा पडलो मीच.

मैदानात वजनकाटा तांदळाच्या व्यापाऱ्याचा.
पोत्यांसाठी केलेला,
मुलींबद्दल त्याचं काही मत नव्हतं.
ओडेत तीनशे ग्रॅम जास्त भरली.
पंच म्हणाला, नियम म्हणजे नियम.
याच माणसाने कार्यक्रमपत्रिकेत
मुलींच्या सगळ्या कुस्त्या
'मध्यंतर' या एका शब्दाखाली लिहिल्या होत्या.

ओडेतने कानातले काढले.
मग वेण्यांतले मणी, एकेक, माझ्या ओंजळीत.
आईने रविवारी तीन तास बसून ओवलेले.
अजून शंभर ग्रॅम.
तेव्हा फिलोमेन बोलली,
"चिखल धू."
विहिरीवर दोन बादल्या पाणी,
आणि घोट्यांवरून, नखांतून, गुडघ्यांच्या मागून
आमची खाडी वाहून गेली.
काटा कुरकुरला, आणि गप्प झाला.

आमच्याकडे मुलगी लग्नापर्यंत लढते.
पुढे भातखाचरं आहेतच लढायला,
असं म्हातारे म्हणतात, माडीचा तुंबा पुढे सरकवत.
आईने आखाडा सोडला तेव्हा ती सतराची होती.
त्याबद्दल ती बोलत नाही.
कांडताना मात्र मुसळ
कुणाची तरी मान धरावी तसं धरते.

ढोल वाजला.
ओडेतने मांडीवर थाप मारली, वाळू कपाळाला लावली.
समोरची बुटकी, रुंद, जमिनीत रोवल्यासारखी.
माझ्या शेजाऱ्याने शेंगदाण्यांची पुडी सोडली.
पहिला दाणा त्याच्या तोंडात जायच्या आत
माझ्या बहिणीने आभाळ पाहिलं.

मध्यंतर संपलं.
मुलांची नावं पुकारली जाऊ लागली,
लोक आपापल्या जागी परतले.

येताना भरती होती, होडी कुठेच अडली नाही.
सिरेफीना जिंकली होती, पण तिने ते
वस्तीच्या दिव्यांपर्यंत जपून ठेवलं.
बिन्ताने ओडेतच्या पाठीवरची वाळू झटकायला हात नेला.
"राहू दे," ओडेत म्हणाली.
एवढंच.
घामात थापली गेलेली वाळू
पूर्ण रुंदीभर, दोन्ही खांद्यांवर, चुकवता न येणारी.

अंगणात आई कांडत होती.
ओडेत तिच्यासमोर पाठ करून उभी राहिली.
मी मणी मुठीत धरून कुंपणाशी,
आता काय बोलेल म्हणून.

मुसळ दोनदा खाली आलं.
तिसऱ्यांदा आलं नाही.
आईने ते भिंतीला टेकवलं,
लुगड्यासारखं गुंडाळलेलं कापड गुडघ्यांवर खोचलं,
आणि विचारलं,
"कुठला पाय धरला तिने?"