कंटिन्युइटीची वही

कल्पना सुचली तेव्हा मी नव्हते.
सासने सांगतो : गंगावेशीत, रात्री अकराला,
धारोष्ण दुधाचा पेला ओठाला लावला
आणि फेसावरनं बघितलं, तर गवळी
धार काढता काढता झोपलेला.
हात चालू, डोळे मिटलेले.
एवढंच.
ह्या एवढ्याशावर दोन वर्षं
तो माणसं पकडून पकडून गोष्ट सांगत हिंडला,
दर वेळी थोडी वेगळी,
आणि शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी भुजगोंडा मगदूम
ढेपेवर हात ठेवून एकदाचे म्हणाले,
"म्हस आमचीच वापरा. भाडं वाचंल."

उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं
ट्रॉलीची चाकं करून दिली.
पैसे नको म्हणाला, नाव टाका म्हणाला.
नाव पडलं. एक वेलांटी चुकली,
तेवढ्यावरनं अजून बोलत नाही.

माझं काम कंटिन्युइटी.
पेला कुठल्या हातात, कितपत भरलेला,
वरचं बटण लावलेलं की उघडं,
सावली घाटाकडं की देवळाकडं.
सिनेमा सरळ घडत नाही. शेवट आधी, सुरुवात नंतर,
मधलं ऊन मिळेल तसं.
हा मघाचाच माणूस आहे
हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

पहिल्याच दिवशी शेवट घेतला,
पंचगंगेवर, पाण्यावर वाफ होती तोवर.
वहीत आहे :
ज्ञानू येडगे. केस मानेपर्यंत, वाऱ्यावर.
डाव्या कानामागं गवताची काडी. राहू दे.
ज्ञानू खराच गवळी, वडणग्याचा.
त्याच्याआधी तीन नट बघितले,
तिघांनाही चांदीनं लाथ घातली.

तेराव्या दिवशी ज्ञानू आला नाही.
बारा दिवस आला नाही.
मगदूम जनरेटरचं भाडं मोजत बसले,
चांदी दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू देईना.
मग एका सकाळी आला तर
डोक्यावर केस नव्हते.
सासनेच्या तोंडून "विग" एवढं अर्धं निघालं,
उरलेलं त्यानं गिळलं.
कपडेवाल्या अनसूयाबाईंनी काही न विचारता
निळ्या चौकड्यांचा रुमाल त्याच्या डोक्याला बांधला,
गाठ दोनदा तपासली.
ज्ञानू जाऊन म्हशीखाली बसला.
हात चालू, डोळे मिटलेले.
कट कुणी म्हणेना.
कानाला हेडफोन लावलेला इकबाल मुल्लाणी
थोड्या वेळानं हळूच म्हणाला,
"धारंच्या आवाजात आणखी एक आवाज आलाय. ठेवू?"

मी लिहिलं : रुमाल, निळा. गाठ मागं, उजवीकडं.

राजारामपुरीत, नवव्या गल्लीत, जिन्यावरच्या खोलीत
चार महिने एडिटिंग चाललं.
तिथं सगळं सरळ लावलं, म्हणजे ज्ञानूचं उलटं झालं :
आधी रुमाल, मग केस.
आधी आई नाही,
मग शेवटी नदीवर
आई आहे.

लक्ष्मीपुरीत बाराचा खेळ. एकतीस माणसं,
त्यातली नऊ मगदुमांची.
मध्यंतरात चहा घेताना एक चष्मेवाले म्हणाले,
"रुमालाचं प्रतीक काय वापरलंय!"
सासनेनं मान डोलावली. मीपण डोलावली.

ज्ञानू तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी.
पहिला अर्धा सिनेमा तो पायांकडं बघत होता.
शेवटी पडद्यावर नदी आली, वाफ आली,
वाऱ्यावर केस आले,
तेव्हा त्याचा हात डाव्या कानामागं गेला.
"ती काडी,"
अंधारात मला म्हणाला,
"घरी गेल्यावर आईनं काढली की ओ.
म्हणाली, असाच हिंडलास व्हय गावभर?"

नावं वर सरकायला लागली.
त्याचं यायच्या आधीच तो उठला,
चांदीची धार साडेतीनची.