नग एक

बुधवारी, लसीच्या दिवशी,
सुपडूआप्पा नऊ महिन्यांची नात घेऊन आले.
"सिस्टर, हिले देवी काढी द्या."

यादी दाखवली. देवी नाहीत, आप्पा. देवी गेल्या.
"कथा गयात?"

त्यांच्या तोंडावर तर त्या आहेतच,
दादरच्या कणसावरून पाखरं उठून जावीत तशा.
तीन भावंडं एकाच साथीत गेली,
हा राहावा म्हणून सुपात घालून
उकिरड्यावरून ओढला. म्हणून सुपडू.

म्हटलं, रोगच संपला. आता फक्त
सातासमुद्रापार, दोन कपाटांत, गोठवून ठेवलाय.

"संपना, आनि ठेवेल शे?"
आप्पा बाकावर बसले.
"मंग लस?"
तीही आहे म्हणतात. तिकडेच.

सकाळपासून पारोळ्याची लाईट नव्हती,
फ्रिजचा काटा सातवर.
बर्फाच्या डब्यातून गोवराची कुपी काढली.
"जे शे ते द्या."
पोर रडली. दंडावर रक्ताचा एक ठिपका,
वण राहणार नाही.

संध्याकाळी मागणीपत्र भरताना
खालच्या कोऱ्या ओळीत लिहिलं :
देवीची लस. नग एक.

साहेबांनी न वाचताच सही केली.