पांढरी छत्री

सहाच्या आत बोडीवर पोचलो तरच उपयोग.
तेव्हा चतुर दवानं जड असतात,
पंखांवर थेंब, डोळ्यांवर थेंब,
रात्रभर बसून कुणी एकेकाला
मणी ओवल्यासारखे.
ऊन पाळीवर चढलं
की खेळ खलास.

स्कूटरवर पुढं हिवराज, मधे कॅमेऱ्याची पेटी, मागं मी.
माझ्या हातात पांढरी छत्री,
नवरीच्या तोंडावर उजेड मऊ पडावा म्हणून त्यानं घेतलेली.
आता ती टाचणीवर धरायची.

टाचणी बसते पंख अंगालगत मिटून,
पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी.
चतुर पंख ऐसपैस पसरतो, त्याला कुणाची भीड नाही.
एवढं कळायला मला
अख्खा भादवा लागला.

मी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर.
दिवसभर खूर, शिंगं, शेपटीचे फटके.
कुठं धरावं तेच कळू नये
इतकं हलकं जनावर
हिवराजनं दाखवलं मला.
तुळशीच्या लग्नापासून आखाडीपर्यंत
त्याला माणसांखेरीज काही दिसत नाही,
मग स्टुडिओचं शटर अर्ध्यावर
आणि हा बोडीच्या काठी चिखलात, पोटावर,
दाढीला शेवाळ.
"नवरदेवापेक्षा हा बरा," म्हणतो,
"याले मान वाकडी कर म्हनावं लागत नाई."

एकदा मी त्याला वाचलेलं सांगितलं.
हे पिवळे, धानाच्या बांध्यांवर थव्यानं फिरणारे,
यांच्यातले काही म्हणे समुद्र ओलांडून
थेट आफ्रिकेला जातात.
त्यानं डोळा कॅमेऱ्यातून काढला नाही.
"मंग पासपोर्टचा फोटो कोनं काढला त्याहिचा?
माह्याकडं तं नाई आले."

लाल चतुर एक काडी धरतो,
शिंगाड्याच्या वेलांतून बोटभर वर आलेली.
उडतो, चिलट टिपतो, तिथंच परत.
उडतो.
परत.
तो नसताना हिवराज काडीवर फोकस लावतो,
रिकाम्या काडीवर,
आणि श्वास आत धरून पडून राहतो.
मला वाटतं, अशी खात्री
मी कधी माणसाच्या येण्याचीही धरली नाही.

त्या दिवशी मात्र चतुर नव्हता.
टाचणी होती, काळीसावळी, पाय पांढरे,
मोजे घालून शाळेत निघाल्यासारखे.
दोन वर्षं शोधत होतो हिला.
मी गुडघाभर पाण्यात, छत्री तिच्यावर,
पोटरीला जळू लागलेली. ती सोसली.
शिंक नाही सोसली.

गावापर्यंत तो बोलला नाही.
टपरीवर एकच चहा सांगितला.
मग अर्धा बशीत ओतून
बशी माझ्याकडं सरकवली,
माझ्याकडं न बघता.

रात्री स्टुडिओत बघितले, सत्तेचाळीस फोटो.
शेहेचाळिसांत छत्रीची कड.
एकात ती उडताना: धुरकट रेघ फक्त,
खाली काडी स्वच्छ, तिच्यावरचा तंतू न तंतू मोजावा अशी.
मी म्हटलं, काढून टाक.
त्यानं पावतीबुक ओढलं.
नाव: ठाऊक नाही.
गाव: बोडी.
प्रिंट: एक.
जमा: एक शिंक.
आणि पावती फाडून
माझ्या खिशात कोंबली.

आता ती काडी काचेमागं लटकते
दोन नवरदेवांच्या मधे.
लोक विचारतात, हे काय?
तो सांगतो, गिऱ्हाईक.

कार्तिक सरला. पहिलंच लग्न, मांडव,
धानाचं तणीस रचलेलं बाजूला.
त्याचा पोऱ्या आला नाही म्हणून छत्री माझ्या हाती.
आतून चिखलाचे दोन ठिपके, धुऊन न गेलेले,
त्यांच्याखाली नवरी, बाशिंग किंचित तिरकं.
"हालू नोको, बाई," हिवराज म्हणाला
आणि सवयीनं
श्वास आत धरला.

मी नाक दाबून धरलं.